बिनतिखट

हात तीनदा धुतले. बेसनानं, लिंबानं,
मग नुसत्या राखेनं.
तरी नखांच्या कडांत मिरची आहेच.
तीस वर्षं गोळीबार चौकात सावजी मसाला वाटलेले हात,
यांनी साधं दही कालवलं तरी
खाणारा पाणी मागतो.

म्हणून मिक्सरचं भांडं घेतलं नाही.
खलबत्ता तर नाहीच, त्याचा दगडच तिखट.
चारोळी आणि शेंगदाणे जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधले,
वरून लाटणं फिरवलं.
पीठ नको होतं. कण हवे होते,
दाताखाली सापडतील एवढे.

मासा वेणूताई दिघोरेनं दिला, मंगळवारी बाजारातून.
"मरळ ने वो बाई, गोसीची हाय. इले काटा कमी."
कातडी सोलून दिली, मधला काटा काढून दिला,
आणि सवयीनं विचारलं,
"काळा मसाला ना?"
मी म्हटलं, नाही. मीठ.
ती सुरी हातात धरून थांबली,
जसं मी कोणी गेल्याचं सांगितलं.

घरी भिवराज खाटेवर बसून काड्या मोजत होता.
आइस्क्रीमच्या काड्या, दातांच्या मधे एकीवर एक,
तोंड किती उघडतं त्याचा हिशेब.
सोळा झाल्या. दिवाळीत नऊ होत्या.
खर्रा सुटला, पण जाताना अर्धा गाल घेऊन गेला.
तेहतीस वेळा शेक दिला मशीननं, आणि तेव्हापासून
मुगाचं पाणी, लापशी, पेज,
सगळं गिळायचं, सगळं मुकं.
परवा म्हणाला, शब्द अजून नीट फुटत नाही तरी मला कळलं:
"मले काही तरी वाजनारं खायचं हाय."

ओव्हन प्राचीचा. केक शिकणार होती ती.
चार वर्षं त्याच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
कूलर नुसती वाफ फेकतोय,
आणि मी घरात अजून एक उन्हाळा पेटवला,
एकशेऐंशीवर.
खिडकीतून हेडाऊबाई म्हणाली,
"काहून वो, गच्चीवर ठेवली असती तरी भाजली असती!"

मरळीचे तुकडे पांढरे, ओले,
रंगाला न दिलेल्या सुतासारखे.
वर घट्ट दह्याचा हात,
त्यावर दाबून दाबून कूट.
मीठ. थोडं तूप.
बोटं आपोआप डब्याकडे गेली,
लाल झाकणाच्या.
मी त्यांना वळवून आणलं,
दुसऱ्याच्या वावरातून गाय आणावी तशी.

पहिली ताटली जळली.
चारोळीचा काही भरवसा नाही, बघता बघता काळी.
काचेमागचा वास कळत नाही
आणि मी वासावर रांधणारी बाई.
दुसरीला तिथंच उकिडवी बसले,
ओव्हनच्या फटीला नाक लावून.
मग आला. खिरीचा वास!
सावजीच्या घरात, मासळीच्या दिवशी, खिरीचा.

त्यानं आधी बोटानं टोकरलं.
मग लहान घास, उजव्या बाजूला.
मी कूलर बंद केला.
घाम कानामागून उतरत होता, उतरू दिला.
आणि ऐकू आलं,
मागावर एखादा धागा तुटावा एवढंच.
मग पुन्हा एकदा.

लाळ कमी येते त्याला. घास अडला,
पाणी प्याला, डोळे भरले,
ते ठसक्यानंही असेल.
याच माणसाच्या रश्श्यावरून गिऱ्हाईकं
शिव्या देत, नाक पुसत उठायची
आणि बुधवारी परत यायची.
कसं झालं, मी विचारलं.

"फिक्कं हाय."

पण जीभ त्या एका कणाला सोडेना,
या गालातून त्या गालात.
मग ओट्याकडे बघून म्हणाला,
"ते जळलेलं फेकलं का?
आन इकडं.
ते जास्त वाजन."