कालावलचा बांध

भाद्रपदात हा बांध म्हणजे नुसता अंदाज.
मी काठीनं चाचपत पुढे,
मागून शेवंती खवणेकर,
डोक्यावर पाटी, पाटीत कुर्ल्यांची कुरकुर:
"पाय उचलू नको, सरकय."
चिखलानं एक चप्पल ठेवून घेतली.
अजून दिली नाही.

मार्गशीर्षात तुतवार येतात.
कुठून, ते मी पुस्तकात वाचलंय.
शेवंती म्हणते, "वयरसून."
नथीतला मोती सांडल्यासारखे
अख्खी ओहोटी शोधत बसतात.

चैत्रात बांधाच्या अंगावर मीठ फुटतं.
तिवराच्या पानाला जीभ लावली, खारट.
निवट्या उघाडीच्या दगडावर चढून
आमच्याकडे बघतात,
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडाकडे बघावं तशा.

उद मात्र एकदाच दिसला.
तोंडात शेंगटी, अजून वळवळणारी,
बांधाच्या मधोमध, आमच्याइतकाच दचकलेला.
मी मोबाईल काढणार
तोच तिनं मनगट धरलं,
"तेका जांव दी. घराक चललो तो."

तो पाण्यात सरकला,
पाय न उचलता.

माझ्या मनगटावर चिखलाची पाच बोटं.
पाणंद संपली, एसटी आली,
कंडक्टरनं सुटे मागितले,
मी दुसरा हात पुढे केला.