जामीन

एर्मेलिंदा कारिलाओ खिडकीपाशी
पिशवी उलटी करते:
दुकानाच्या कार्डाची एकतीस बिलं,
कपड्यांच्या चिमट्यात धरलेली.
तालकाउआनोच्या मासळी कारखान्यातून
रात्रपाळी थेट इथंच आलीय,
काचेच्या या बाजूलाही वास येतो.

"फ्रिज गेल्या हिवाळ्यातच गेला," ती म्हणते.
"आता त्यात कांदे ठेवते.
हप्ता तेवढा थंड पडत नाही."

मी आकडे मांडतो.
मुद्दल नखाएवढं झिजलंय,
व्याजानं मात्र बाळसं धरलंय.
आमची पतपेढी निम्म्या दरानं देईल,
तीन वर्षांत फिटेल,
पण जामीन लागतो, बाई.

ती गप्प.
मग हनुवटीनं बाकाकडे दाखवते:
"ती, निळ्या टोपीतली.
माझ्या नवऱ्याची पहिली बायको.
बोलत नाही आम्ही.
तिनंही तोच फ्रिज घेतला होता."

निळी टोपी उठते,
स्वतःचा चष्मा शोधते, सापडत नाही,
एर्मेलिंदाचा लावून
कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.
सही करते.

घाईत माझा शिक्का तिरका पडतो.

दाराशी दोघी थबकतात,
आधी कोणी बाहेर पडायचं
हे ठरत नाही.