हातचा

किसीच्या टेकडीवर आमचं विद्यापीठ.
खाली केळी, मधे चहाचे मळे,
वर पत्र्याची सभागृहं आणि फाटकावर फलक :
'ध्येय २०३०'.
शेवटच्या शून्याचा रंग उडालाय.
लांबून २०३ वाचावं लागतं,
आणि यंदा पहिल्या वर्षाला प्रवेशही नेमके तेवढेच.

मी नियोजन विभागात. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर
आणि न्याबोके, जी सकाळी कुलूप काढते
नि दिवसभर प्रिंटरची समजूत घालते.
पाच वर्षांचा आराखडा माझ्याच हातचा.
एकशे बारा पानं. सहा उद्दिष्टं. एकोणतीस निर्देशक.
प्रत्येकापुढे एक चौकोन,
हिरवा, पिवळा किंवा लाल.

पगार तीन महिने थकलेत.
त्याला चौकोन नाही.
कुलगुरू म्हणतात, 'रोख प्रवाहाचं आव्हान आहे.'
कँटीनवाला मोगाका म्हणतो, 'साहेब, वही भरली.'
दोघं एकच सांगतात.
मोगाकाचं मला लगेच कळतं.

भूशास्त्राचे ओंबाती सर सात मुलांना शिकवतात.
विद्यार्थ्यामागे खर्च : लाल. जागेचा वापर : लाल.
बंद करण्याची शिफारस मी स्वच्छ भाषेत लिहिली,
त्यात 'पुनर्रचना' हा शब्द चारदा,
आणि सहीसाठी त्यांच्या वर्गात गेलो.

टबाकाच्या खाणीतला संगजिऱ्याचा तुकडा
हातोहात फिरत होता.
'नखानं ओरखडा,' सर म्हणत होते,
'ओरखडा उठतो म्हणून दगड हलका ठरत नाही.
घाई केलीत तर मात्र तडकेल.'
तुकडा फिरत फिरत माझ्याकडे आला.
मीही ओरखडला.
नखाखालची पांढरी पूड शिफारशीवर सांडली.
सरांनी ती फुंकली, सही केली, तारीखही घातली.
मला वाटलं होतं, निदान पेन शोधतील.

जिना उतरताना आठवलं :
दगड आठ हातांतून आला होता.

चौदावा निर्देशक, गळती.
आलेले वजा गेलेले, बरोबर राहिलेले,
पण तीन रात्री एकाचा मेळ बसेना.
मग फीच्या वहीत सापडली केरुबो न्यांचामा.
मार्चमध्ये नाव कापलेलं.
तरी रोज सकाळी चहाच्या मळ्यांतून चालत येते,
खिडकीपाशी बसते, हजेरीच्या वेळी
बाहेर बघते.
'बोनस ऑक्टोबरात येतो,' एवढंच म्हणाली,
'आईनं पानं तोडलीत. वजनही झालंय.'
ना पटावर, ना गळतीत.
प्राथमिक शाळेत बाई सांगायच्या,
हातचा वर लिहायचा, बारीक,
आणि बेरीज संपेपर्यंत विसरायचा नाही.
इतकी वर्षं मी बेरजा करतोय.
हातचा कुठे लिहायचा, ते आराखड्यात नाही.

गुरुवारी नैरोबीहून समिती आली.
माणसं तीन, पेनं दोन.
प्रयोगशाळा पाहिली, शौचालयं पाहिली,
मोगाकाचा चहा प्यायले (तोही वहीत).
भूशास्त्राच्या दारात बाई थांबल्या,
डोकी मोजली, कागद पाहिला.
'सात की आठ?'
ओंबाती सर फळ्याकडे वळले.
केरुबोनं दगड मुठीत घेतला.
कुलगुरूंच्या कपाळावर सगळे एकोणतीस निर्देशक.
मी म्हणालो, 'सात. हातचा एक.'

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
त्यांनी काय लिहिलं, मला दिसलं नाही.

अहवाल अजून आलेला नाही. पगारही.
शिफारस माझ्या खणात आहे,
पूड झटकली तरी सहीवर थोडी उरलीय.
ऑक्टोबरला दोन महिने आहेत.
आज सकाळी न्याबोकेनं पांढऱ्या रंगाचा डबा मागितला,
फाटकावरच्या शून्यासाठी.
खरेदीच्या अर्जात विचारलंय :
हे काम कोणत्या उद्दिष्टाखाली?
ती पेन धरून उभी आहे.