जोड

चरईतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सतरंजी पडायची.
माणसं वीस-पंचवीस. माइक नाही.
खाली कुणी स्कूटरला किक मारली
तर गाणारा तेवढा वेळ षड्जावर उभा राहायचा.
तबल्यावर मी,
वागळे इस्टेटची पहिली पाळी करून,
नखांतलं ग्रीस रॉकेलनं काढून.

चौबळांनी बिहागात बांधली: 'अब ना बारो दीप'.
मुखडा असा, की सम दाराशी येते, चपला काढते,
आणि मगच आत.
सगळ्यांची मान हलली.
तेंडोलकर भिंतीला टेकून सुपारी कातरत होते.
म्हणाले, चांगली आहे. पाहुणीसारखी.
येणार हे आधीच ठाऊक.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी
तोच राग, तोच तीनताल, तेंडोलकर:
'बारो दीप, मैं द्वार खड़ी'.
सम कुठून आली मला कळलं नाही.
मागच्या जिन्यानं आली असावी.
माझी थाप रिकामी पडली,
वीस वर्षांचा हात, आणि कान लाल.
तेंडोलकर म्हणाले, ही तुमच्या बंदिशीची जोड.
चौबळ म्हणाले, जोड कसली? तोड.

तिथून अकरा वर्षं.
एकानं तीव्र मध्यम चोरून लावला
की दुसरा तो चव्हाट्यावर आणायचा.
एकाची नायिका रुसली
की दुसऱ्याची महिनाभर तिला नावं ठेवायची.
मासुंद्याच्या काठी समोरासमोर आले
तर दोघंही तळ्यातल्या बोटी बघायचे.
आणि मला मात्र दोघंही विचारायचे,
वेगवेगळ्या हॉटेलांत, चहा पाजून:
काय बांधतोय हल्ली?
मी सांगायचो.
तबलजीचं काय, उजवं-डावं दोन्ही आपलंच.

मग चौबळांना झटका आला.
उजवी बाजू गेली, वाचा गेली.
मुलीनं नेरूळला नेलं, नवव्या मजल्यावर.
त्या शनिवारी तेंडोलकर गायले नाहीत.
त्याच्या पुढच्याही.
वही नुसती उघडून बसायचे.
तेव्हा पहिल्यांदा पाहिली मी ती वही:
डाव्या पानांवर चौबळांच्या बंदिशी, सुवाच्य, मात्रांसकट.
उजव्या पानांवर स्वतःच्या, खाडाखोड.
आता डावं पान कोरं, म्हणून उजवंही.

एका मंगळवारी बसनं गेलो. मांडीवर डग्गा.
चौबळ खिडकीशी, खुर्चीत.
ओळखलं की नाही, डोळ्यांवरून कळेना.
तेंडोलकरांनी तब्येत विचारली नाही.
मुलीच्या मोबाइलवर तानपुरा लावला
आणि सुरू केली, 'अब ना बारो दीप'.
अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून.
दोन आवर्तनं सरळ.
तिसऱ्यात सम टाकली नवव्या मात्रेवर,
खालीच्या घरात.
ढळढळीत. शिकाऊ पोर टाकणार नाही अशी.
पुन्हा टाकली.

चौबळांचा डावा हात उठला
आणि खुर्चीच्या स्टीलच्या दांड्यावर आपटला.
इथे.
तेंडोलकर गातच राहिले, चुकीचं.
पुन्हा हात. इथे, मूर्खा, इथे.
अंगठी वाजली दांड्यावर.
घशातून काहीतरी आलं, शिवी असावी.
बिहागात नव्हती.
मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला कणीक.
मी ठेका सोडला
आणि त्या अंगठीच्या मागे गेलो.

परतताना बस दिघ्याला अडकली.
तेंडोलकर म्हणाले, मुखडा मात्र भिकार आहे हो त्याचा,
जीव नाही.
आणि कळव्याच्या पुलापर्यंत तोच गुणगुणत बसले.
सम प्रत्येक वेळी जागेवर.

चुकले होते, की चुकवली होती?
विचारणार होतो.
पण वही मांडीवर उघडी होती,
उजव्या पानावर पेन्सिलनं एक ओळ सुरू झालेली,
बस हलत होती
म्हणून अक्षर वाकडं.