चौदा नंबर

आमच्या कॉलेजने फुटबॉल बंद केलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली.
मैदानावर आता सोयाबीनच्या वाणांचे प्रयोग चालतात.
एक गोलपोस्ट तेवढा उभा आहे,
त्यावर ससाणा बसतो, त्याला कुणी हटकत नाही.

नाताळात टोबिन आला, आणि खेळाचं यंत्र इथेच विसरून गेला.
मुद्दाम, असं मार्जोरी म्हणते.
त्यात आपला संघ आपण बनवता येतो.
मी मेपल क्रीक कॉलेज टाइप केलं, एकेका बोटाने,
जर्सी गर्द हिरवी, बाह्यांवर दोन पांढरे पट्टे,
आणि जुन्या वार्षिकांकातून नावं उतरवत बसलो.

प्रत्येकाला गुण द्यायचे असतात.
लेलंड फॉसला वेग एक्क्याण्णव,
होता त्याहून चार जास्त, कारण एकदा बर्फात
त्याने माझी गाडी दोन मैल ढकलली होती.
क्लेटन व्होबोरीलला हात ऐंशी, डोकं चाळीस.
स्वतःला, तिसऱ्या क्वार्टरबॅकला, चौदा नंबरला,
अठ्ठावन्न.
थोडा वेळ एकसष्ट ठेवले होते. मग लाज वाटली.

बाहेर जानेवारी, उणे सतरा.
पडद्यावर सप्टेंबर, पिवळं ऊन, बँड.
गावची वस्ती अकराशे, पण प्रेक्षक चाळीस हजार;
एवढी माणसं गाड्या कुठे लावत असतील?

पहिले तीन सामने हरलो.
चौथा जिंकलो, समोरचा संघ आमच्याहून अडाणी निघाला.
पाचव्याबद्दल मी बोलणार नाही.
मग हळूहळू बोटांना बटणं कळली,
जशी डाकेच्या फेरीत घरं कळत गेली होती:
कुठला कुत्रा चावतो, कुठल्या फाटकाला कडी नाही.
सहा, सात, आठ, नऊ, दहा.
मार्जोरी जेवायला हाक मारून थकली,
मग ताट घेऊन शेजारी येऊन बसली
आणि म्हणाली, "तो हिरवा मोकळाच आहे की रे, त्याच्याकडे फेक."

अकराव्या आठवड्यात व्होबोरीलचा खांदा निखळला.
दुसऱ्याचा घोटा.
आणि यंत्राने मला न विचारता
चौदा नंबर मैदानात पाठवला.

सामना पुन्हा सुरू करता आला असता. टोबिनने ते शिकवलं होतं.
मी नाही केला.
माझा पहिला पास थेट त्यांच्या हातात गेला.
अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न.
त्यानंतर मी सगळं फॉसकडे सोपवलं,
डावीकडे फॉस, उजवीकडे फॉस, मधून फॉस,
एकशे नव्वद यार्ड, चेंडू छातीशी धरून
जणू कुणाचं तान्हं मूल घेऊन आगीतून निघालाय.

शेवटचे एक मिनिट वीस सेकंद. चार गुणांनी पुढे आम्ही. चेंडू आमचा.
आता करायचं ते एकच:
घ्यायचा आणि गुडघा टेकायचा.
चार वर्षं बाकावर बसलो, माझं हेल्मेट कधी चिखलाला लागलं नाही.
एवढं तरी करू द्या, असं मी हॉलस्टेड सरांना कधी म्हणालो नाही.
चौदा नंबरने गुडघा टेकला.
पुन्हा टेकला.
पुन्हा.
त्या गुडघ्याला काही दुखत नव्हतं.
माझा खुर्चीत अवघडून सुजला होता.

रात्री फॉसला फोन केला. तो आता ट्रॅक्टरचे टायर विकतो.
"तुला आज एकशे नव्वद यार्ड मिळाले," मी म्हणालो.
बराच वेळ काही नाही.
"कुणाविरुद्ध?" त्याने विचारलं.

मोसम संपल्यावर यंत्र यादी दाखवतं:
हे सोळा जण पदवी घेऊन जात आहेत.
व्होबोरील, फॉस, मी, सगळे त्यात.
खाली एकच बटण, पुढे चला.

यादी तशीच चालू ठेवून मी फावडं घेतलं
आणि दारापुढचा बर्फ काढायला गेलो.
आत मार्जोरी कंट्रोलर उलटासुलटा करून पाहत होती.