कारण कळवा

साखरीनाट्याच्या बर्फखान्यावर एक पितळी पाटी आहे.
वर आपले सिंह, खाली त्यांचा लाल गोल,
मधल्या ओळी वाचणारं इथे कुणी नाही.
यंत्र मैत्रीखातर आलं, असं उद्घाटनात ऐकलेलं.
त्याचा पट्टा तुटला की मात्र तिकडूनच मागवायचा,
डॉलरमध्ये, आगाऊ.

मी कागद भरतो.
वाकटी जेटीवर वाकटी असते;
माझ्या टेबलापर्यंत येताना तिचा आकडा होतो,
आठ अंकी, आणि त्या आकड्यावर जकात किती
हे दूर कुठेतरी, माशीही नसलेल्या खोलीत ठरतं.
उतरली त्या वर्षी सोलकरांनी ट्रॉलर घेतला.
चढली त्या वर्षी विकला.
दोन्ही वेळा मासा तेवढाच लांब होता.

मग त्यांच्याकडे दर्या गावात शिरला.
कॅन्टीनच्या टीव्हीवर छपरांवर बसलेल्या होड्या.
रुकय्या होडेकर, ग्रेडिंगच्या तिसऱ्या टेबलावरची,
हातमोजे न काढता बघत राहिली.
दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा डबा फिरवला:
चार हजार एकशे साठ,
बरीचशी चिल्लर, खवले चिकटलेली.
राजापूरला तहसीलमध्ये गेलो आम्ही दोघं.
कारकून भला माणूस. दोन रजिस्टरं चाळून म्हणाला,
"तिकडून इकडे येणाऱ्या मदतीचा रकाना आहे.
इकडून तिकडे जाणाऱ्या...
नाही हो."

एसटीत डबा तिच्या मांडीवर वाजत होता.
पैसे ज्याचे त्याला परत केले.

दोन महिन्यांनी खरेदीदाराचं पत्र:
दहा किलोच्या प्रत्येक पेटीत एक मासा जास्त.
वजन कागदाशी जुळत नाही. कारण कळवा.

तिला बोलावलं. गमबुटांत उभी राहिली,
लादीवर पाणी निथळत.
"गिऱ्हाइकाला वर घालतात ना एखादा," म्हणाली,
"घरात मयत झालं असलं तर दोन.
दोनच घालायचे होते,
पेटी मिटंना."

कारणासाठी तीन ओळी सोडलेल्या होत्या.
मला एकच लागली:
वजनकाट्यात दोष. दुरुस्ती केली आहे.
शिक्का मारला, सही केली.

काटा अजून तोच आहे.
रोज सकाळी त्याच्यावर मी रिकामी पेटी ठेवतो,
आणि तो बरोबर शून्य दाखवतो.