रेघेपर्यंत

डबा पिवळा, पुठ्ठ्याचा,
पोटावर एक रेघ : इथपर्यंतच.
तिच्यावर एकही सुई नको.
मालिनेओ डबा उचलते, कानाशी नेते,
वाळक्या भोपळ्यात बिया वाजतात का बघावं
तसा किंचित हलवते
आणि सांगते, "आज लसीकरण. एकोणचाळीस."
चुकत नाही.

बुधवारी भट्टी पेटते,
वारा दरीकडे उतरत असेल तरच.
गमबूट, जाड हातमोजे,
खांद्यावरचं घोंगडं काढून खिळ्याला.
मोखोत्लोंगच्या जूनमध्ये बर्फ गुडघाभर,
अख्ख्या दवाखान्यात ऊब तेवढीच एका जागी.
मेंढरांमागची पोरं हात शेकायला येतात,
ती शिव्या देऊन हाकलते :
"हा चुलीचा धूर नव्हे रे."

मी इथली नर्स. अकरा वर्षं झाली.
सहाव्या वर्षी एका रात्री
वीज गेलेली, कंदिलावर बाळंतपण,
रक्त थांबेना.
बाई वाचली.
माझ्या हातातली सुई कुठे गेली
ते मला कळलं नाही.

खोटं. कळलं होतं.
चादरीत.
सकाळी बघू म्हटलं,
आणि सकाळी चादरी गोळा करायला
माझ्याआधी मालिनेओ पोचली.

हात धरून आली. अंगठ्याखाली ठिपका,
मोहरीएवढासुद्धा नाही.
साबण लावून नळाखाली तो हात मीच धरला.
अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मीच मोजून दिल्या.
ती ओकायची, तोंड पुसून भट्टीकडे जायची.
नवऱ्याने उशी भिंतीकडे नेली.
तीन महिने.
दर तपासणीला मी शेजारी बसले.
लोक म्हणाले, किती जीव लावते.

रिपोर्ट चांगला आला.
तिने मला मक्याची दोन कणसं आणून दिली.
मी ती खाल्ली.

कुणाची सुई, हे तिने कधी विचारलं नाही.
फक्त नव्या पोरी आल्या की
खाउहेलो असो, पोलो असो,
भट्टीसमोर उभं करून सांगते :
टोपण परत चढवायचं नाही.
हातातून थेट डब्यात.
मध्ये कुठे ठेवायची नाही.
मध्ये माणसं असतात.

राख निवली की उपसून खड्ड्यात ओतते.
सुया जळत नाहीत.
काळ्या पडतात, टोक बोथटतं,
पण राखेत बोट घातलंत तर
सुयाच लागतात.

आज डबा मीच घेऊन गेले.
तिने कानाशी धरला. हलवला.
माझ्याकडे बघितलं.
"एक कमी आहे," म्हणाली.

मी दोनदा मोजून आणल्या होत्या.

"ठेव तिथे," ती म्हणाली,
"वारा फिरतोय."